आज्ञा, अनुवृत्ती आणि तार
घरी बांधलेल्या सी. एन. सी. राउटरचा भाषावैज्ञानिक विचार

१. विषयप्रवेश

‘माझी मोठी बहीण आली’ या चार शब्दांच्या वाक्यात येणारी व्यक्ती स्त्री आहे ही गोष्ट चार वेळा सांगितलेली आहे. ‘माझी’, ‘मोठी’ व ‘आली’ या तिन्ही पदांची रूपे ती सांगतात, आणि ‘बहीण’ हा शब्द तर सांगतोच. रस्त्यावरील गोंगाटात यांपैकी एखादे पद ऐकू आले नाही, तरी श्रोत्याचे विशेष अडत नाही. गरजेपेक्षा अधिक सांगण्याच्या या भाषाधर्माला अतिरिक्तता असे म्हणता येईल. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, तेव्हा लिखित इंग्रजीतील अतिरिक्तता सुमारे निम्मी असावी असा अंदाज त्यांनी वर्तविला होता. वरवर उधळपट्टी वाटणारी ही गोष्ट वस्तुतः गोंगाटातून अर्थ सुखरूप पार पडावा म्हणून भाषेने उतरविलेला विमा आहे.

यंत्राला दिलेल्या आज्ञेत हा विमा नसतो. तेथे एक शून्य अधिक पडले तर हत्यार दहापट दूर जाते, आणि ते चुकले असे सांगणारे शेजारी काहीच नसते. यंत्राची भाषा जर इतकी काटकसरी, तर तिच्यातून निघणारे काम बिनचूक कसे होते? या प्रश्नाचे उत्तर आज्ञेच्या व्याकरणात अर्धेच सापडते. उरलेले अर्धे लोखंडात आणि तारेत असते. घराच्या गॅरेजमध्ये एकट्या माणसाला बांधता येईल अशा सी. एन. सी. राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या कोरणयंत्राच्या, उदाहरणाने हे उत्तर स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अशा उद्योगाला पुण्याचा पूर्वभाग सोयीचा आहे. हडपसरच्या पलीकडे, मुळा-मुठेच्या काठी असलेले मांजरी बुद्रुक हे मुळात शेतीचे गाव. ऊससंशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या दोन्ही संस्था मांजरीतच आहेत. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेतांच्या जागी घरे उठत असतानाही घराशेजारी पत्र्याची शेड टाकण्याइतकी मोकळीक अशा गावात अनेकांना मिळते. लेथवरचे काम करून घ्यावयाचे तर हडपसरची औद्योगिक वसाहत शेजारीच आहे. लाकडासाठी भवानी पेठेतील टिंबर मार्केट आणि विजेच्या सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्ली एका दिवसात गाठता येते.

हा उद्योग केवळ हौशी माणसाचा असेही मानण्याचे कारण नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करीत शिकणे हे त्या शिक्षणाचे सूत्र होते. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या प्रेरणेने ‘फॅब लॅब’ नावाच्या ज्या कार्यशाळा पुढे जगभर पसरल्या, त्यांतील अगदी पहिल्यांपैकी एक २००२ साली पाबळला सुरू झाली. संगणकावरील आकृती प्रत्यक्ष वस्तूत उतरविणारी यंत्रे अशा रीतीने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हाती आली. तात्पर्य, महाराष्ट्रात या विद्येला दोन दशकांहून अधिक काळाची परंपरा आहे.

२. यंत्राचे शरीर

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या धारदार हत्याराने लाकूड, प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिक यांत खोबणी पाडणारे साधन. सुतार ते हाताने सरकवितो. सी. एन. सी. राउटरमध्ये तेच हत्यार तीन परस्परलंब दिशांनी मोटरी सरकवितात. आडव्या दोन दिशांना एक्स व वाय, आणि उभ्या दिशेला झेड म्हणतात. पाटावर पुलासारखी एक कमान उभी असते. तिला गॅन्ट्री हे नाव आहे. कमानीवर मागेपुढे सरकणारी गाडी असते आणि गाडीवर वरखाली होणारे, हत्यार फिरविणारे स्पिंडल असते.

या शरीराचा पहिला गुण ताठरपणा. दोन टोकांना टेकलेल्या तुळईची लांबी दुप्पट केली, तर मध्यावरच्या तेवढ्याच भाराने ती आठपट वाकते. भरीव चौकोनी छेदाच्या तुळईची उंची दुप्पट केली, तर वाक एक-अष्टमांशावर येतो. म्हणून रुंद यंत्राची हाव धरणाऱ्याने कमान त्या प्रमाणात उंच करावी लागते. दुसरा गुण काटकोन. पाटाची मापे ८०० व ६०० मिलिमीटर असतील, तर त्याचे दोन्ही कर्ण बरोबर १००० मिलिमीटर भरले पाहिजेत. चौकट एका बाजूस १ मिलिमीटर कलली, तर दोन कर्णांत सुमारे १.६ मिलिमीटरचा फरक पडतो. लहान गुणियाला जी चूक दिसत नाही, ती कर्ण मोठी करून दाखवितो. एकच गोष्ट दोन मापांनी तपासणे ही या यंत्रातील अतिरिक्ततेची पहिली पायरी होय.

मोटरीचे फिरणे सरळ रेषेत बदलण्याचे काम मळसूत्र करते. घरगुती यंत्रात बहुधा १६ मिलिमीटर व्यासाचा आणि एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा बॉल-स्क्रू वापरतात. त्याला जोडलेली स्टेपर मोटर सलग न फिरता पावलापावलाने फिरते. तिचे एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. मोटरीला वीज पुरविणारा ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे पुन्हा आठ भाग करू शकतो. अशा मांडणीत एका फेऱ्याला १,६०० आणि एका मिलिमीटरला ३२० स्पंद लागतात. कारखान्यात यालाच पल्स म्हणतात. एक स्पंद म्हणजे सरकण्याची एक आज्ञा. या यंत्राच्या भाषेतील लहानात लहान अर्थपूर्ण घटक तो हाच.

३. आज्ञेची भाषा

आकड्यांनी यंत्र चालविण्याची कल्पना अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांनी १९४० च्या दशकात पुढे आणली. एम. आय. टी.मध्ये १९५२ साली असे पहिले यंत्र चालवून दाखविण्यात आले. पुढे या आज्ञांना प्रमाणरूप मिळाले आणि ती भाषा ‘जी-कोड’ या नावाने रूढ झाली. १९८२ साली तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही प्रसिद्ध झाले. घरगुती यंत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष २००९. त्या वर्षी नॉर्वेतील सीमेन स्कॉग्सरूद यांनी ‘जीआरबीएल’ हा जी-कोड वाचणारा कार्यक्रम लिहून सर्वांसाठी खुला केला. आर्दुइनो नावाच्या तळहाताएवढ्या नियंत्रकावर तो चालतो आणि सेकंदाला ३०,००० पर्यंत स्पंद देऊ शकतो.

या भाषेतील ‘शब्द’ म्हणजे एक अक्षर व त्यापुढील एक संख्या. ‘जी ०१ एक्स १०० एफ ३०००’ या ओळीचा अर्थ, मिनिटाला ३,००० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत एक्स १०० या स्थानी जावे, असा होतो. हा वेग मनाने ठरवीत नाहीत. दोन धारांचे हत्यार मिनिटाला १५,००० फेरे घेत असेल आणि प्रत्येक धारेने दर फेऱ्यात ०.१ मिलिमीटर लाकूड काढावे अशी इच्छा असेल, तर १५,००० × २ × ०.१ म्हणजे ३,००० हे उत्तर येते. याहून फार सावकाश गेल्यास हत्यार कापण्याऐवजी घासते आणि लाकूड करपते. हा वेग सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजेच १६,००० स्पंदांचा. तो नियंत्रकाच्या आवाक्यात आहे.

पुढच्या ओळीत नुसते ‘वाय ५०’ लिहिले तरी चालते. ‘जी ०१’ आणि वेग पुन्हा सांगावा लागत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीचा परिचय असलेल्यांना येथे अनुवृत्तीची आठवण होईल. पूर्वीच्या सूत्रातील पद पुढील सूत्रांत न उच्चारता चालू राहते, आणि विरोधी पद आले की त्याची निवृत्ती होते. जी-कोडमध्येही आज्ञांचे गट पाडलेले आहेत. झटपट सरकणे, सरळ कापणे आणि कमानीत कापणे हा एक गट. मिलिमीटर आणि इंच हा दुसरा. निरपेक्ष स्थान आणि सापेक्ष अंतर हा तिसरा. एका गटातील नवी आज्ञा त्याच गटातील जुनीला निवृत्त करते, इतरांना स्पर्श करीत नाही. फरक इतकाच की पाणिनीची अनुवृत्ती कोठवर पोचते हे ठरविण्यास भाष्यकार लागतो. यंत्राला असा प्रश्न पडत नाही.

लाघवाची किंमत मात्र द्यावी लागते. आधीच्या कामात इंचाची आज्ञा दिलेली असेल आणि नव्या कामात एककाचा उल्लेखच नसेल, तर काही नियंत्रक जुनेच एकक धरून चालतात. मग १० मिलिमीटरचे अंतर १० इंचांचे, म्हणजे २५.४ पट होते. निरपेक्ष व सापेक्ष यांचेही तेच. ‘वडाच्या झाडापाशी जा’ आणि ‘इथून दहा पावले पुढे जा’ या दोन सूचनांत जो भेद, तोच येथे आहे. दुसऱ्या प्रकारात आधीची चूक पुढच्या प्रत्येक पावलाला वारसाहक्काने मिळते. म्हणून जाणते कारागीर प्रत्येक कार्यक्रमाच्या पहिल्या ओळीत एकक, स्थानपद्धती आणि प्रतल या गोष्टी स्पष्ट सांगून टाकतात. गरज नसताना केलेली ही पुनरुक्ती म्हणजे काटकसरी भाषेत जाणूनबुजून घातलेली अतिरिक्तताच होय.

४. तार आणि मौन

नियंत्रकाकडून ड्रायव्हरकडे दोन तारांवरून दोन गोष्टी जातात. एकीवरून ‘सरक’ हा स्पंद आणि दुसरीवरून दिशा. ड्रायव्हर मोटरीच्या वेटोळ्यांत वीज सोडतो आणि मोटर सरकते. सरकली किंवा नाही, हे साध्या यंत्रात कोणीही उलट कळवीत नाही. मोटर अडखळली तरी नियंत्रक आपल्या मोजणीवर विसंबून पुढे जात राहतो. संभाषणात श्रोता ‘हूं’ म्हणतो, भुवया उंचावतो, ‘काय म्हणालात?’ असे विचारतो; येथे श्रोता मुका आहे. त्यामुळे निरपेक्ष स्थानाची आज्ञाही या बाबतीत उपयोगी पडत नाही, कारण चूक आज्ञेच्या पातळीखाली घडलेली असते.

त्यातच गोंगाट असतो. स्पिंडलची गती बदलणारे व्ही. एफ. डी. हे उपकरण वीज अतिशय वेगाने तोडून-जोडून काम करते, आणि त्याच्या तारेभोवती विद्युत्‌-गोंगाट पसरतो. शेजारून जाणाऱ्या स्पंदाच्या तारेत त्यातून खोटा स्पंद उमटू शकतो. यावर कारागिरांचे उपाय ठरलेले आहेत. स्पिंडलची तार आणि संकेताच्या तारा वेगळ्या मार्गांनी न्याव्या. त्या ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्या. संकेताची तार जाळीच्या आवरणाची घ्यावी आणि ती जाळी पॅनेलच्या एकाच टोकाला अर्थिंगशी जोडावी. लोखंडी चौकट, पॅनेल आणि स्पिंडल यांचे अर्थिंग एका ठिकाणी एकत्र आणावे. सतत हलणाऱ्या भागात बारीक धाग्यांची लवचिक तार घालावी. जाड धाग्याची तार वाकून वाकून आतल्या आत तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते.

यांपैकी सर्वांत उद्बोधक गोष्ट म्हणजे टोकाचा स्विच. गाडी पाटाच्या टोकाला पोचली की यंत्र थांबावे म्हणून तो बसवितात. तो दोन प्रकारे जोडता येतो. पहिल्या प्रकारात एरवी तारेत वीज नसते. स्विच दाबला की ती वाहू लागते. येथे तारेच्या मौनाचे दोन अर्थ संभवतात. एक, सर्व ठीक आहे. दुसरा, तार तुटली आहे. यंत्र पहिला अर्थ घेते आणि गाडी टोकावर जाऊन आदळते. दुसऱ्या प्रकारात एरवी वीज वाहत असते. स्विच दाबला की ती खंडित होते. आता मौनाचे दोन अर्थ, टोक आले किंवा तार तुटली, असे होतात. आणि दोन्ही प्रसंगी यंत्राने थांबणेच इष्ट असते. दुसऱ्या जोडणीने संदिग्धता नाहीशी झाली असे नाही. ती जेथे निरुपद्रवी ठरते त्या बाजूला नेऊन ठेवली आहे. व्याकरणात लोप म्हणजे निव्वळ अभाव नसून कार्य करणारे अदर्शन असते. त्याच न्यायाने येथे मौनालाच कार्य दिलेले आहे, आणि ते सुरक्षिततेचे आहे.

लाल रंगाच्या आणीबाणीच्या बटणाचे तत्त्व यापुढे एक पाऊल जाते. ‘थांब’ असे सांगणे आणि थांबविणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बटणाने नियंत्रकाला नुसता संदेश दिला आणि नियंत्रकच गोंधळलेला असला, तर संदेश व्यर्थ जातो. म्हणून या बटणाने कॉन्टॅक्टरच्या द्वारे मोटरींची आणि स्पिंडलची वीज प्रत्यक्ष तोडली पाहिजे, आणि बटण वर उचलले तरी वीज आपोआप परत येता कामा नये. वीज गेल्यावरही स्पिंडल काही काळ फिरत राहते, आणि जड गाडी मळसूत्रावरून खाली घसरू शकते, हेही ध्यानात ठेवावे लागते. व्ही. एफ. डी.मध्ये वीज बंद केल्यानंतर काही मिनिटे प्राणघातक दाब शिल्लक असतो. त्यावर छापलेला कालावधी संपल्याखेरीज झाकण उघडू नये.

५. चुकांची लिपी

यंत्र बोलत नसले तरी त्याच्या चुकांना आपापले वळण असते, आणि ते वाचता येते. मोटरीवर पेलणार नाही इतका भार पडला, तर ती चार पूर्ण पावलांच्या पटीत घसरते. चार पावले म्हणजे ७.२ अंश, आणि ५ मिलिमीटरच्या मळसूत्रावर ०.१ मिलिमीटर. या प्रकारची चूक अचानक, मोठ्या टप्प्याने आणि प्रत्यक्ष कापताना येते. तारेतील खोटा स्पंद एका मिलिमीटरच्या ३२० व्या भागाएवढाच असतो. त्याची चूक हळूहळू साचते आणि स्पिंडल चालू असतानाच वाढते. दिशेचा संकेत आणि स्पंद यांच्या वेळेत गफलत असेल, तर प्रत्येक वळणावर एखादा स्पंद हरवतो. ही चूक वळणांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते आणि स्पिंडल बंद असतानाही होते.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी. गाडीला डायल गेज लावून शून्य जुळवावे, आणि काही न कापता तिला शंभर वेळा मागेपुढे न्यावे, प्रथम स्पिंडल बंद ठेवून आणि नंतर चालू करून. पहिल्या फेरीतच शून्य ढळले तर वेळेचा दोष, दुसऱ्या फेरीत ढळले तर तारेचा, आणि दोन्हींत न ढळता कापतानाच ढळले तर भाराचा किंवा ढिलाईचा दोष संभवतो. एका वेळी एकच घटक बदलून भेद पडतो का हे पाहण्याची ही रीत वर्णनिर्णय करणाऱ्या भाषाभ्यासकाला अपरिचित नाही.

देवनागरी अक्षरे कोरताना या चुका लगेच उघड्या पडतात. दाराच्या सागवानी पाटीवर ‘पंत’ कोरावयाचे असता हत्यार थोडे घसरले, तर अनुस्वार शिरोरेखेत मिसळून ‘पत’ उरते. येथे भाषेची अतिरिक्तताही मदतीस येत नाही, कारण विशेषनाम संदर्भावरून ओळखता येत नाही. शिवाय ३ मिलिमीटर व्यासाचे हत्यार १.५ मिलिमीटरहून कमी त्रिज्येचा आतला कोपरा काढू शकत नाही; त्यामुळे लहान अक्षरांतील गाठी बुजतात. निमुळत्या टोकाचे हत्यार वापरून कोपऱ्यात खोली कमी करीत नेल्यास रेघ बारीक होत जाते आणि अक्षराचे वळण टिकते.

६. मराठीतील सूचनेचा प्रश्न

या यंत्राविषयीचे लेखन बहुतांशी इंग्रजीत आहे. त्याचे मराठी करताना केवळ प्रतिशब्द शोधून भागत नाही. वर वर्णन केलेल्या दुसऱ्या प्रकारच्या स्विचला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अनुवाद ‘सामान्यतः बंद’ असा होतो. इंग्रजी संज्ञेत ‘बंद’चा अर्थ मंडल जुळलेले, वीज वाहत असलेली, असा आहे. मराठी माणूस मात्र दिवा बंद करतो, पंखा बंद करतो. त्याच्या लेखी बंद म्हणजे वीज नसलेला. तो अनुवाद वाचून जोडणी करणारा नेमकी उलटी, धोक्याची जोडणी करील. येथे ‘एरवी जोडलेला’ आणि ‘एरवी तुटलेला’ ही पदे साधी असून निःसंदिग्ध आहेत.

‘चालू’ या शब्दाचीही तीच गत. ‘यंत्र चालू आहे’ याचा अर्थ त्यात वीज आहे असाही होतो आणि ते हलते आहे असाही होतो. पुढच्या आज्ञेची वाट पाहत निश्चल उभे असलेले यंत्र पहिल्या अर्थाने चालू आणि दुसऱ्या अर्थाने बंद असते. हत्यार बदलण्यासाठी हात घालणाऱ्याचा घात होतो तो याच फटीत. सूचनापत्रकात ‘यंत्र बंद करा’ असे न लिहिता ‘मुख्य स्विच खाली करून वीज तोडा आणि हत्यार फिरावयाचे थांबेपर्यंत वाट पाहा’ असे लिहिणे लांबट खरे, पण ती लांबी सार्थ आहे.

सारांश, काटकसरी आज्ञेतून बिनचूक काम निघते, कारण बांधणारा माणूस भाषेतली उणीव इतरत्र भरून काढतो. दोन कर्ण मोजून, आज्ञेची पहिली ओळ पुन्हा सांगून, तारेला जाळी घालून आणि मौनाला सुरक्षित अर्थ देऊन तो अतिरिक्तता यंत्राच्या शरीरात उभी करतो. या साखळीतील शेवटची कडी म्हणजे त्याच्या हाती पडणारी मराठी सूचना. तारेची जोडणी तपासण्यास वर्कशॉपमध्ये मीटर असतो. ‘बंद’ आणि ‘चालू’ या शब्दांची जोडणी तपासण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांकडे येते. शहराच्या कडेला, एखाद्या शेडमध्ये एकट्याने तार जोडत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ते काम मीटरच्या कामाहून कमी महत्त्वाचे नाही.